शत्रूला दिलेला शब्द

माझी बायको सुलक्षणा दर मंगळवारी लंडनजवळच्या वॉटफर्डला प्राचीन रोमच्या वर्गाला जायची. ती वारल्यावर सात आठवड्यांनी मी तिची पुस्तकं परत करायला तिथे गेलो. वर्ग चालू होता. शिकवणाऱ्या मीनलने मला बसवून घेतलं. मी आयुष्यभर बस चालवली. मला त्यातलं काय कळणार?

त्या दिवशी एका रोमन सेनापतीची गोष्ट चालली होती. रोमच्या शत्रूंनी, कार्थेजवाल्यांनी, त्याला पकडलं आणि कैद्यांच्या अदलाबदलीचं बोलायला रोमला पाठवलं. जमलं नाही तर परत येईन, असा शब्द त्याने दिला होता. रोमला जाऊन त्यानेच सांगितलं, अदलाबदल करू नका. आणि मरण समोर दिसत असताना परत गेला.

"मूर्ख!" मार्गरेट नावाची म्हातारी म्हणाली. "शत्रूला कसला शब्द? ते काय कमी लबाड होते?"

"युद्धातही न्याय असतो का, हाच तर प्रश्न आहे," मीनल म्हणाली. "काका, तुम्हाला काय वाटतं?"

"शब्द त्याचा होता," मी म्हणालो. "समोरचा लबाड असला म्हणून तो बदलत नाही."

"जीव गेला त्याचा, डार्लिंग!" मार्गरेट म्हणाली.

"शब्द देताना ठाऊक होतं ना त्याला?"

सगळे हसले. मला मात्र मी स्वतः दिलेला शब्द आठवला.

सुलक्षणाच्या अस्थी माझ्या कपाटात होत्या. तिचा धाकटा भाऊ नंदू अकरा वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. त्यांच्या आईच्या शेवटच्या आजारात मी सुलक्षणाला वेळेवर नाशिकला पाठवलं नाही, हा त्याचा राग. ते खरंच होतं. ती गेली त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तो एवढंच म्हणाला, "आता तरी ताईला आईकडे जाऊ द्या. अस्थी मला द्या, गोदावरीत सोडीन." मी हो म्हणालो. नंतर त्याचे तीन फोन आले. तिन्ही वेळा सांगितलं, अजून मिळाल्या नाहीत.

बाहेर येऊन मी त्याला फोन लावला.

"नंदू, अस्थी माझ्याकडेच आहेत. पहिल्या आठवड्यापासून."

"म्हणजे तीनदा खोटं बोललात, भावोजी?"

"हो. देववत नव्हत्या रे."

मग तो म्हणाला, "उद्या येतो न्यायला."

"नको. मीच आणून देतो."

दुसऱ्या दिवशी अस्थींचा कलश मांडीवर घेऊन हाउन्सलोला नंदूच्या घरी गेलो. नंदूने तो दोन्ही हातांनी घेतला. मला आत या म्हणाला नाही, पण दारही लावलं नाही.

"पुढच्या महिन्यात नाशिकला निघायचंय," शेवटी तो म्हणाला. "तुमचा पासपोर्ट चालू आहे ना?"