दोघांना लागलं

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे पत्र्याचे भाग तयार करणारा एक लहान कारखाना आहे. श्रीरंजनी तिथल्या ऑफिसात काम करी. हजेरी, पगारपत्रकं आणि दिल्लीकडच्या मुख्य कचेरीला जाणारा इंग्रजी पत्रव्यवहार, हे सगळं तिच्याकडे. घर वेस्ट मांबलमला, घराणं तंजावरकडचं मराठी. घरात बोलायची भाषा मराठीच, पण जुन्या वळणाची; महाराष्ट्रातून आलेला माणूस ती ऐकून आधी चपापे आणि मग हसे.

दिनानाथ तसाच हसला होता. तो बार्शीकडचा, प्रेस शॉपमध्ये फिटर. नवीन आला तेव्हा श्रीरंजनीनं त्याला विचारलं, "तुमास इथलं जेवण मानवतें की नाही?"

"ताई, तुम्ही तर कीर्तनाला उभ्या राहिल्यासारखं बोलता!" असं तो म्हणाला, आणि वयानं मोठा असूनही तिला ताईच म्हणू लागला.

जेवण त्याला मानवलं ते वेलायुधममुळे. वेलायुधम त्याच प्रेसवरचा ऑपरेटर. त्याच्या घराच्या गच्चीवरची खोली दिनानाथनं भाड्यानं घेतली होती आणि जेवणही खालीच, वेलायुधमची बायको कनका हिच्या हातचं. दोघं आपसात अर्धं तमिळ, अर्धं हिंदी बोलत आणि उरलेलं हातवाऱ्यांनी भागवत.

एके सकाळी प्रेसवरची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलताना ती उचलून धरणारी साखळी सरकली. ते जड लोखंडी धूड एका अंगाला कललं. वेलायुधम त्याच्या खालीच वाकला होता. दिनानाथनं त्याला दोन्ही हातांनी बाजूला ढकललं. त्यात दिनानाथचं मनगट सापडलं आणि वेलायुधमचा एक पाय मागं राहिला, त्याची बोटं चेचली. कारखान्याच्या गाडीतून दवाखान्यात नेताना श्रीरंजनी सोबत होती. वेदनेनं कळवळत असतानाही वेलायुधम तिला तमिळमध्ये सांगत होता, "यानं ढकललं नसतं तर मी गेलोच होतो." आणि दिनानाथ मराठीत म्हणत होता, "ताई, आधी त्याचा पाय बघायला सांगा."

परत आल्यावर तिला अपघाताचं मुख्य कचेरीला कळवायचं होतं. मॅनेजर चंद्रमौळी फोनवर अडकले होते. "लिहून टाक, अम्मा, चार ओळी," एवढंच म्हणाले.

डोक्यात वाक्य तयार होतं: दोघांना लागलं. तमिळमध्येही तसंच, मार बसला, कुणी मारला ते सांगावं लागत नाही. इंग्रजीत मात्र ती अडली. "देमसेल्व्ज" लिहिलं, तर दोघांनी जाणूनबुजून स्वतःला इजा करून घेतली असं वाटेल, अशी तिला भीती. मग शाळेत घोकलेला नियम आठवला: माणसं दोन असली की "ईच अदर", जास्त असली की "वन अनदर". माणसं तर दोनच होती. तिनं लिहिलं, बोथ वर्कर्स इंज्युअर्ड ईच अदर व्हाइल चेंजिंग द डाय. चंद्रमौळींनी न वाचताच हो म्हटलं आणि मेल गेली.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. आपसात मारामारी केल्याबद्दल दोघेही चौकशी होईपर्यंत निलंबित. दोघांना वेगवेगळी पत्रं घरी गेलेली होती.

"मारामारी?" श्रीरंजनी चंद्रमौळींच्या टेबलापाशी धावत गेली. "सर, हे कुणी सांगितलं त्यांना?"

त्यांनी चष्मा लावून तिचीच मेल उघडली, वाचली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. "तूच. दोघांनी एकमेकांना जखमी केलं, असं लिहिलंयस."

तिनं ते वाक्य वाचलं. नियमात चूक नव्हती. दोघांना काय झालं ते सांगायचं सोडून, दोघांनी एकमेकांना काय केलं ते सांगणारं वाक्य तिनं लिहून पाठवलं होतं.

"आता राहू दे," चंद्रमौळी हळू आवाजात म्हणाले. "चौकशीत निघेल सगळं. आत्ता मजकूर बदलला तर त्यांना वाटेल आपण काही लपवतोय."

"तोवर ते दोघं घरी बसणार, सर. हात मोडलेला आणि पाय चेचलेला."

मग चंद्रमौळींनीच मुख्य कचेरीतल्या, निलंबनाची पत्रं काढणाऱ्या कीर्ती मॅडमना व्हिडिओ कॉल लावला आणि खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली.

"मॅडम, माझी चूक झाली," श्रीरंजनी इंग्रजीत म्हणाली. "ईच अदर नाही. दे इंज्युअर्ड देमसेल्व्ज."

कीर्ती मॅडमच्या कपाळावर आठी पडली. "देमसेल्व्ज? मुद्दाम? भरपाईसाठी?"

ज्याची भीती होती तेच झालं. श्रीरंजनीला रडू आवरेना. तिनं क्षणभर कॅमेऱ्यावरून नजर काढली, डोळे पुसले.

"मॅडम, मला इंग्रजी येत नाही असं समजा आणि नुसतं काय झालं ते ऐका. साखळी सरकली. डाय कलली. वेलायुधम खाली होता. दिनानाथनं त्याला ढकललं. म्हणून तो वाचला. दिनानाथचा हात सापडला. वेलायुधमचा पाय सापडला. कुणी कुणाला मारलं नाही. कुणी स्वतःला मारून घेतलं नाही."

मग कीर्ती मॅडम म्हणाल्या, "हेच लिहून पाठव. अशाच छोट्या वाक्यांत. आणि साखळीचा फोटो जोड." कॉल बंद करता करता त्या किंचित हसल्या. "सेल्फ आणि सेल्व्ज काहीही नको."

दोन्ही निलंबनं त्याच दिवशी मागे घेतली गेली. ते सांगायला श्रीरंजनी संध्याकाळी वेलायुधमच्या घरी गेली. वाटलं होतं, दोघं एकत्र बसलेले असतील. पण दारात कनका एकटीच होती, चेहरा ओढलेला.

"वरचा माणूस खाली येत नाही," ती म्हणाली. "आणि हे वर बघत नाहीत. पत्र आल्यापासून."

वेलायुधम आत पाय उशीवर ठेवून पडला होता. पत्र त्यानं शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून वाचून घेतलं होतं. "मी दिनानाथला मारलं, असं कंपनी म्हणते. तिथं आम्ही दोघंच होतो. मी तर सांगितलं नाही. मग कुणी सांगितलं?"

श्रीरंजनी तशीच गच्चीवर गेली. दिनानाथ प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन खाटेवर बसला होता.

"ताई, मी त्याला वाचवायला ढकललं," तो म्हणाला. "आणि त्यानं सांगितलं मारलं म्हणून? सांगायचंच होतं तर माझ्या तोंडावर सांगायचं."

"त्यानं काही सांगितलं नाही. मजकडून झालें ते. मीच चुकीचं लिहिलें."

तिनं त्याला मराठीत सगळं समजावलं, खाली येऊन वेलायुधमला तमिळमध्ये पुन्हा समजावलं. देमसेल्व्ज, ईच अदर, शाळेतला नियम. वेलायुधमनं नीट ऐकून घेतलं.

"मग इंग्रजीत नुसतं लागलं असं म्हणताच येत नाही?"

"येतं. दे गॉट हर्ट."

"एवढं सोपं?" कनका मधेच म्हणाली. "मग तेच का नाही लिहिलं?"

ते फारच साधं वाटलं असतं, कचेरीच्या पत्रात शोभलं नसतं, असं काहीसं श्रीरंजनीच्या मनात आलं; पण ते त्या बाईच्या डोळ्यांत बघून सांगवेना. "मला माफ करा," एवढंच ती म्हणाली.

कनकानं तिला कॉफी दिली, पण हसली नाही. मग एका ताटात भात आणि रसम वाढून तिनं ताट दारातल्या स्टुलावर ठेवलं. ते वर दिनानाथकडे जायचं होतं. वेलायुधमनं भिंतीचा आधार घेत पाय जमिनीला टेकवला.

"अहो, जिना आहे!" कनका ओरडली.

"ठाऊक आहे."

ताट त्याला नेता येईना, म्हणून ते श्रीरंजनीनं उचललं. एका पायावर, कठडा धरून, पायरीपायरीला थांबत तो चढला. वरच्या पायरीवर दिनानाथ येऊन उभा होता. त्यानं धड हात पुढं केला; वेलायुधमनं तो लगेच धरला नाही. आधी दम खाल्ला, मग तो हात धरून काहीतरी पुटपुटला, तमिळ-हिंदीचं ते त्यांचं कडबोळं, श्रीरंजनीलाही पुरतं न कळलेलं. दिनानाथनं त्याच भाषेत उलट उत्तर दिलं. आवाज चढले. साखळी आदल्या दिवशी कुणी तपासायला हवी होती, यावरून ते भांडत होते.

श्रीरंजनीनं ताट खाटेवर ठेवलं आणि खाली उतरली. अंबत्तूर स्टेशनकडे चालताना तिला मागून दोघांचेही आवाज बराच वेळ ऐकू येत होते.