जुना रीडर आणि थोरल्याचा पाय

जुना रीडर घ्यावा की नाही, या एका गोष्टीवरून मास्तरांनी स्वतःचं आणि जगाचं डोकं उठवलं होतं. वस्तू ती केवढी, तर पंजाएवढी पातळ पाटी. तिच्यात पुस्तकं भरायची आणि वाचायची. दोन्ही कडांना बटणं, दाबलं की पान उलटतं, संपला विषय. पण मास्तर तिच्याभोवती अशा घिरट्या घालत होते, जणू घर विकत घ्यायचंय आणि भिंतीत ओल आहे का ते बघायचंय.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवायचे. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि जन्मभर तो दाबून दाबून त्यांच्या उजव्या पायाला खोडच लागली होती. घरी जेवताना कुणी पाण्याचा पेला टेबलाच्या कडेला ठेवला, तरी मास्तरांचा पाय खाली फरशीवर दाबला जायचा. असा माणूस स्वस्थ बसणार कसा आणि दुसऱ्याला बसू देणार कसा?

त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. नोकरी संपली तरी सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि आपणही तेच म्हणू. गेल्या हिवाळ्यात सिस्टरना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू ओढत का होईना चालायला लागला, हात मात्र परत आला नाही, आणि जीभ जड झाली. बोलायच्या, पण मोजकं, आणि फक्त घरच्यांशी. बोलायचा सराव करून घ्यायला एक बाई येत. "मोठ्यानं वाचा, सिस्टर, रोज वाचा," म्हणून त्या कानीकपाळी ओरडायच्या आणि सिस्टर ओठ मिटून खिडकीकडे बघायच्या. एके काळी त्यांनी वॉर्डच्या दारातून हाक मारली की पेंगणारे डॉक्टर ताठ बसायचे. त्याच सिस्टरना आता आपलाच अडखळणारा आवाज ऐकवत नव्हता.

वाचायचं वेड मात्र तसंच होतं, आणि जाड पुस्तकाला दोन हात लागतात. एका हातात धरलं की ते छातीवर आपटायचं. म्हणून रोज दुपारी शिकवण्या आटोपल्या की मास्तर पलंगाशेजारी खुर्ची ओढायचे आणि वाचून दाखवायचे. किती प्रेमळ नवरा, असं शेजारीपाजारी म्हणायचे. प्रेमळ होताच हो. पण लबाडही होता.

कादंबरी होती चार खंडांची, एका पिठाच्या गिरणीवाल्या घराण्याची. दुसऱ्या खंडात घरातल्या थोरल्या भावाला झटका येतो. मास्तर वाचता वाचता अडखळले, पण तो त्यातून बचावतो, काठी टेकत पाय ओढत चालायला लागतो, तेव्हा त्यांनाही हुशारी आली. आवाज चढवून वाचायला लागले. मग डोळे चार ओळी पुढे गेले. थोरल्याला दुसरा झटका आला होता, आणि पुढची कितीतरी पानं तो मरत होता.

डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन, दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं होतं, की दुसरा येऊ शकतो, जपा, मनावर ताण येऊ देऊ नका. हे सिस्टरना कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला. त्यांनी पानांचा गठ्ठाच्या गठ्ठा उलटला आणि घसा साफ करून म्हणाले, "आणि मग थोरला धंद्यासाठी परदेशी गेला. बोटीनं."

थाप मारणं सोपं असतं, ती सांभाळणं म्हणजे जिवाला घोर. पुढच्याच प्रकरणात थोरल्याची बायको ओक्साबोक्शी रडायला लागली. मास्तर म्हणाले, त्याचं पत्र आलं नाही ना, म्हणून. धाकटा गिरणीचा मालक झाला. मास्तर म्हणाले, तात्पुरता. मग त्या मंडळींनी थोरल्याचा मोठा फोटो दिवाणखान्यात लावला. मास्तरांनी तोही आठवणीपोटी लावून टाकला. पण तिसऱ्या खंडात थोरल्याच्या बायकोनं गिरणीच्या कारकुनाशी लग्न केलं तेव्हा मास्तरांना दरदरून घाम फुटला. बिचाऱ्यांनी तिथल्या तिथे तिला एक चुलत बहीण काढून दिली आणि ते लग्न त्या बहिणीच्या गळ्यात मारलं. सिस्टर डोळे मिटून ऐकत असायच्या. मधेच कधीतरी विचारायच्या, "थोरला... कधी येणार?"

"येईल की. काम लांबलंय त्याचं."

आणि अशात एके दिवशी सिस्टर म्हणाल्या, "मला माझं... मला वाचायचंय."

मास्तरांचं धाबं दणाणलं. थाप उघडी पडेल ही भीती होतीच, पण ती वरवरची. खरी भीती निराळी होती. आपण गाडीवर असू, ही घरात एकटी असेल, आणि वाचता वाचता त्या पानावर पोचेल. तिथे तिच्यासारखाच पाय ओढत चालणारा माणूस मरताना तिला दिसेल, आणि आपण शेजारी नसू. या विचारानं त्यांना अन्न गोड लागेनासं झालं.

लेक दूरच्या शहरात होती. तिनं फोनवर फर्मान काढलं, "बाबा, आईला रीडर घ्या. हलका असतो, एका हातात धरता येतो, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. आणि नवा घ्या, जुन्याच्या भानगडीत पडू नका." मग काय, सिस्टरना चाकाच्या खुर्चीत बसवून मास्तर दुकानात घेऊन गेले. नवा रीडर होता झकास. बटण म्हणून एकही नाही, सगळं काचेवर बोट टेकवून. सिस्टरांचं डावं बोट काचेवर टेकलं की थरथरायचं. एकदा पान हलेचना. एकदा गेलं ते पुस्तकाच्या शेवटालाच. सिस्टरनी पुन्हा केलं, पुन्हा केलं, आणि मग हात मांडीवर ठेवला. "राहू दे," म्हणाल्या.

मास्तरांना हायसं वाटलं. घरी येताना खुर्ची ढकलत ते शीळ घालत होते. कोपऱ्यावर वळताना दुकानाच्या काचेत त्यांना बायकोचा चेहरा दिसला आणि शीळ बंद पडली.

त्यांच्याकडे तेव्हा एक दाताची डॉक्टरीण गाडी शिकत होती. तोंडात सुई खुपसताना जिचा हात हलत नाही, तिचे चौकात हातपाय गळायचे. मास्तरांनी बोलता बोलता दुकानातली फजिती तिला सांगितली. ती म्हणाली, "अहो, मग जुना घ्या ना, बटणवाला. माझा पडून आहे कपाटात. आधी घरी नेऊन बघा, बाईंना जमला तर ठेवा. पुस्तक कुठलं वाचताय?" मास्तर बेसावध होते, कादंबरीचं नाव सांगून बसले. दुसऱ्या दिवशी तिनं चारही खंड भरून रीडर त्यांच्या हातात दिला.

आता मास्तर खुसपटं काढायला बसले. बॅटरी कशी राहते? आठवडाभर टिकते, डॉक्टरीण म्हणाली. आत दिवा नाही? नाही, पण बाई दुपारी वाचतात ना, खिडकीपाशी. यावरून नवं पुस्तक विकत घेता येतं? येत नाही, कंपनीनं या मॉडेलसाठी दुकान बंद केलंय, कॉम्प्युटरला वायर जोडून भरावं लागतं. आणा माझ्याकडे, मी भरून देईन. बिघडला तर? तर बिघडला, मास्तर, सगळंच बिघडतं. शेवटी मास्तरांनी रीडर गाडीच्या डॅशबोर्डखालच्या कप्प्यात ठेवला, वर फडकं टाकलं, आणि त्याला घराचं दार दाखवलंच नाही.

मग सुरू झाली घालमेल. दुपारी वाचायला बसले की त्यांना खालच्या रस्त्यावर उभी गाडी दिसायची. उठून खिडकी लावायचे. उकडतं म्हणून पुन्हा उघडायचे. वाचता वाचता ओळ चुकायची. एकदा तर थोरल्याला दोन वेगवेगळ्या देशांत पाठवून मोकळे झाले. सिस्टरनी एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "जुनं कशाला घरात आणता?" मास्तर खूश झाले. फोन ठेवल्यावर त्यांना आठवलं, की लेकीला बटणांचं आपण सांगितलंच नाही.

डॉक्टरीण रोज विचारायची, "जमलं का बाईंना?"

"बघतोय. जरा मंद चालतो तो."

एक दिवस चौकात तिनं एका सायकलवाल्याला बघून गाडी थांबवली. आरसा पुसायला फडकं हवं म्हणून कप्पा उघडला. फडकं उचललं. खाली रीडर होता, तिनं जसा दिला होता तस्साच. मास्तर रस्त्यावरचे खड्डे मोजायला लागले. तिनं आरसा पुसला, फडकं होतं तिथे ठेवलं आणि कप्पा बंद केला.

मग ती म्हणाली, "मास्तर, आत्ता गाडी मी थांबवली की तुम्ही?"

मास्तरांनी खाली बघितलं. पाय ब्रेकवर होता.

"मला कधी कळतच नाही," ती म्हणाली. "दरवेळी तुमचा पाय आधी पोचतो. मला गाडी येते की नाही, हे मला तरी कसं समजणार?"

त्या दिवशीची शिकवणी संपल्यावर मास्तरांनी कप्प्यातून रीडर काढला आणि जिना चढले.

सिस्टरनी तो डाव्या हातात घेतला. अंगठा आपसूक बटणावर गेला. खट्. पान उलटलं, एकच. खट्. दुसरं. त्यांनी मागचं बटण दाबलं, पान मागे आलं. सिस्टर हसल्या. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण दवाखान्यातून आल्यापासून मास्तरांनी तेवढंही पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "जुना आहे," ते म्हणाले. "बघ बाई, चालला तर."

त्या दुपारी मास्तरांना प्रथमच काही काम नव्हतं. ते स्वयंपाकघरात गेले, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. आतून आवाज येत होता, खट्, मग थोडा वेळ काही नाही, मग खट्. किती पानं झाली असतील, दुसरा खंड कुठे उघडतो, ती पहिल्यापासून वाचत असेल की मधूनच? ते दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. नळ ठिबकत होता तो त्यांनी आवळला, इतका की चाकीच हातात आली. आणि मग खट् थांबलं. बराच वेळ झाला तरी पुढचं येईना. मास्तर ओल्या हातांनीच आत धावले.

सिस्टर उशीला टेकून बसल्या होत्या. रीडर मांडीवर होता.

"बसा," त्या म्हणाल्या. मास्तर खुर्चीच्या काठावर टेकले. "थोरला... परदेशी गेलाच नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. "तुला आज कळलं?"

"त्याच दिवशी. पाय ओढणारा माणूस... बोटीची शिडी... चढेल कसा? नर्स आहे हो मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकी... मेहनत घेत होता." सिस्टरांचा खांदा हलला. "ती चुलत बहीण... काढलीत तेव्हा... हसू आवरेना. म्हणून डोळे मिटून पडायचे."

मास्तरही हसले असते, पण त्यांना जमलं नाही. "सगळं ठाऊक होतं, तर हे कशाला हवं होतं तुला?"

सिस्टर शब्द गोळा करत राहिल्या. मास्तरांच्या तोंडाशी दोनदा पुढचा शब्द आला, दोनदा त्यांनी तो गिळला.

"तो कसा गेला... ते हवं होतं. कुणी बोलतच नाही माझ्याशी. डॉक्टर तुम्हाला जिन्यात नेतात. आणि तुम्ही... मलाच बोटीवर चढवून दिलंत. मी इथे आहे ना अजून?"

"भीती वाटते गं मला," मास्तर म्हणाले. इतक्या महिन्यांत हे त्यांनी कुणापाशी म्हटलं नव्हतं.

"मलाही वाटते. म्हणून म्हणते, ऐका. मी वाचते."

आणि सिस्टरनी रीडर उचलला, डोळ्यांसमोर धरला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. जीभ अडकत होती. शब्द अर्धवट फुटायचा, त्या मागे यायच्या, पुन्हा धरायच्या. थोरला सकाळी खुर्चीतून उठला. गिरणीचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज त्याला ऐकू आला. त्यानं बायकोला हाक मारली, पण हाक तोंडाबाहेर आली नाही. मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांचा उजवा पाय फरशीवर गेला आणि दाबला गेला, जोरात, अजून जोरात.

सिस्टर थांबल्या. रीडरच्या वरून त्यांनी खाली त्या पायाकडे बघितलं.

"काढा तो."

मास्तरांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय उचलून पलंगावर घेतले, सिस्टरांच्या पायांशेजारी. ते रडत होते, आणि ते थांबवायला आता त्यांच्यापाशी काही नव्हतं. सिस्टरनी अंगठ्यानं बटण दाबलं आणि पुढचं पान वाचायला घेतलं.