वेगळी पॉलिसी

"दोघांची एकत्र घ्या काका. हप्ता कमी बसेल," विमा एजंटबाई म्हणाल्या.

"एकत्रच," फोरमन म्हणाला. कारखाना सुटला तरी हुकूम सोडायची खोड सुटली नव्हती.

"मला वेगळी हवी," त्याची बायको म्हणाली.

टेलिफोन ऑपरेटर म्हणून तिची सारी नोकरी गोड बोलण्यात गेली होती. घरात मात्र ती तोंडातून ब्र काढत नसे. गेल्या वर्षी फोरमनने पिरगाळून तिचा हात मोडला. त्याआधीच फोरमनच्या हृदयाच्या ऑपरेशनने एकत्र पॉलिसीची सगळी रक्कम गिळली होती. तुझं प्लास्टरवर भागेल, असं त्यानेच ठरवलं. भागलं नाही. हात वाकडाच जुळला. तेव्हापासून तिने एकच गोष्ट मनात घट्ट धरली होती: आपल्या दुखण्याची सोय आपल्या नावावर हवी.

"नवरा-बायकोत कसलं तुझं-माझं, काकू?" एजंटबाई हसल्या.

"एकत्र असली की आधी आजारी पडेल त्याचंच होतं. माझी पाळी येईतो काही उरत नाही."

"अक्कल पाजळू नकोस," फोरमन म्हणाला.

"वेगळीच."

पाण्याचा स्टीलचा जग तिच्या कपाळावर बसला. ती खुर्चीसकट कलंडली. फोरमनने केसांना धरून तिला उठवलं आणि पुन्हा खुर्चीत आदळलं, नीट न बसलेला सुटा भाग ठोकून बसवावा तसं. डोकं भिंतीवर आपटलं. दोन्ही योजनांच्या माहितीपत्रकांवर रक्त ठिबकू लागलं.

एजंटबाई पर्स छातीशी धरून दारापर्यंत पोचल्या होत्या.

"पडली ती," फोरमन धापा टाकत म्हणाला. "पाय घसरला. तुम्ही पाहिलंत ना?"

"थांबा बाई," बायको म्हणाली. आवाज नोकरीतलाच निघाला. "उद्या पुन्हा असं झालं, तर वेगळ्या पॉलिसीत बसेल?"

"अपघात असेल तर... पहिल्या दिवसापासून."

"आणि अपघात नव्हता असं मी दवाखान्यात सांगितलं तर?"

"मला माहीत नाही, काकू," एजंटबाई हळूच म्हणाल्या. "असं आजवर कोणी विचारलंच नाही. विचारून सांगते. आधी टाके घालू, चला. माझी गाडी आहे खाली."

ती भिंत धरून उठली.

"अगं, माझ्या गोळ्या?" फोरमनचा आवाज एकदम बारीक झाला. "रात्रीच्या कोण देणार?"

"कपाटात आहेत," ती म्हणाली.

जिन्यावर तिच्यामागे रक्ताचे थेंब पडत राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती ते पुसायला थांबली नाही.