मर्डो पिटकेथलीचा रस्ता

मर्डो पिटकेथली आमच्या गावातून सलग पाच वेळा एडिंबराच्या संसदेत निवडून गेला. एवढ्या वर्षांत त्याने एखाद्या प्रश्नाला नेमकं उत्तर दिलं असेल तर ते फक्त चहात साखर किती, याचं. तेही दीड चमचा. पक्ष त्याचा मधला. डावे बोलले की तो मान डोलवायचा, उजवे बोलले की पुन्हा डोलवायचा. स्कॉटलंड स्वतंत्र व्हावं की नाही, असं कुणी विचारलं, तर "यावर एकदा सविस्तर बसायला हवं," म्हणून टोपी घेऊन उठायचा.

पण इनरकेल्डमध्ये असल्या किरकोळ प्रश्नांवर मतं पडत नाहीत. इथे माणूस एक तर वरकर असतो, नाही तर खालकर. बाळाला पहिल्यांदा गावात कुठल्या रस्त्याने आणलं, त्यावर ते ठरतं. टेकडीच्या रस्त्याने आणलं तर वरकर, नदीच्या रस्त्याने आणलं तर खालकर. इस्पितळ तीस मैलांवर आहे, त्यामुळे बाळंतिणीला आणताना घरातलं एखादं म्हातारं माणूस गाडीत पुढे बसतंच, ऐनवेळी कुणी भलतीकडे वळू नये म्हणून. मग दर फेब्रुवारीत चेंडूचा दिवस येतो. दुकानांच्या काचांवर फळ्या ठोकतात, चौकातल्या दगडी खांबापाशी एकजण रिबिनी लावलेला चामडी चेंडू हवेत उडवतो, आणि दोनशे माणसं एकमेकांच्या बरगड्या मोडत तो आपापल्या टोकाला, वरकर टेकडीवर आणि खालकर नदीत, न्यायला बघतात.

मर्डो यातला कोण, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. त्याने मुद्दामच कधी विचारलं नव्हतं. वरकरांच्या पबमध्ये गेला की तो डोळा मिचकावायचा, खालकरांच्या पबमध्येही मिचकावायचा. दोन्हीकडच्यांना वाटायचं, गडी आपलाच आहे, त्या लोकांपासून लपवतोय एवढंच. त्या एका डोळ्यावर पाच निवडणुका निघाल्या.

यंदा गावाने चेंडू उडवायचा मान मर्डोला दिला आणि त्याची झोप उडाली. कारण रिवाज असा, की उडवणाऱ्याने आधी टोपी काढून आपली बाजू मोठ्यांदा सांगायची. मे महिन्यात निवडणूक होती आणि मागच्या वेळी तो एकोणीस मतांनी काठावर वाचला होता.

"आजारी पडा," त्याचा प्रचार सांभाळणारी शीना टुलॉक म्हणाली. "गोवर आलाय म्हणा."

"बासष्टाव्या वर्षी गोवर?"

"मग नुसतं तोंड हलवा. बँडवाल्यांना सांगते, नेमके तेव्हाच बॅगपाइप फुंका म्हणून."

"पण बँड वरकरांचा की खालकरांचा? नाही म्हणजे, गैरसमज नको."

शीनाने कपाळाला हात लावला.

चेंडूच्या दिवशी सकाळी मर्डो शेवटी आईकडे गेला. युफी पिटकेथली एकोणनव्वद वर्षांची, चाकांच्या खुर्चीतली, आणि हाडाची वरकर. त्याचे वडील आर्ची जाऊन दहा वर्षं झाली होती. ते तितकेच हाडाचे खालकर. आई मीठ घालून ओटची पेज खात होती.

"आई, मला गावात कुठल्या रस्त्याने आणलं होतं?"

"आत्ता विचारतोयस होय? मला वाटलं, मी गेल्यावर विचारशील."

"सांग ना."

"तुझे बाबा म्हणाले नदीने, मी म्हटलं टेकडीने. इस्पितळाच्या दारात दोन तास भांडलो. नर्स तुला परत आत घेऊन गेली. शेवटी आलो आगगाडीने. तेव्हा स्टेशन होतं ना चौकात."

"म्हणजे मी..."

"कुठलाच नाहीस. आम्ही एकमेकांना जिंकू देईना, त्यात तू तेवढा राहून गेलास." तिने चमचा खाली ठेवला. "मला त्याचं वाईट वाटतं रे."

मर्डोला मात्र आनंदाने गहिवरून आलं. आपण पहिल्या दिवसापासूनच मधले आहोत, आणि आता तर खोटंही बोलायला नको. त्याने आईला शाल गुंडाळली आणि खुर्ची ढकलत चौकात आला. सगळं गाव जमलं होतं. त्याने टोपी काढून खणखणीत आवाजात सांगितलं, "मी आगगाडीने आलो. मी दोन्हीकडचा नाही."

वरकरांचा म्होरक्या डूगल रेनी हा खाटीक. तो पुढे आला.

"मग मला तीस वर्षं डोळा कशाला मारत होतास?"

"तुलाही मारायचा?" खालकरांची म्होरकी, बेकरीवाली मेसी लोरिमर म्हणाली.

एका वर्षी चेंडू डूगलच्या फ्रीजरमध्ये सापडला, तेव्हापासून ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. आता ती डोक्याला डोकं लावून कुजबुजायला लागली. दोन्ही बाजूंना एकत्र आणीन, असं मर्डो प्रत्येक प्रचारात सांगायचा. अखेर त्याने आणलं, आणि दोन्ही बाजू मिळून त्याच्यावरच खवळल्या.

"बिनबाजूच्या माणसाने चेंडू उडवायचा नाही," मेसीने निकाल दिला. "बाहेरगावच्या जावयांना करायला लावतो तेच कर. फाट्यावर जा आणि कुठल्या तरी एका रस्त्याने पुन्हा गावात ये."

फाटा गावाबाहेर अर्ध्या मैलावर. अख्खं गाव मागोमाग निघालं, डूगल युफीची खुर्ची ढकलत होता. फाट्यापासून एक रस्ता टेकडीवर चढतो, दुसरा नदीकडे उतरतो. मर्डो मधोमध उभा राहिला, घसा खाकरला आणि बोलायला लागला.

"मित्रहो, दोन्ही रस्त्यांचे आपापले गुण आहेत. टेकडीचा रस्ता कोरडा असतो, हे मान्यच करायला हवं. मात्र नदीच्या रस्त्याला सावली आहे."

गारा पडायला लागल्या. चाळीस मिनिटं झाली. बँडवाल्यांच्या पाइपांत पाणी शिरलं. शीना एका दगडावर बसून रडत होती. मर्डो आता रस्त्यांच्या डांबराबद्दल बोलत होता. तेवढ्यात कट्ट असा आवाज झाला आणि युफीची खुर्ची नदीच्या रस्त्याने निघाली. ती ताठ बसली होती, पर्स मांडीवर, तोंडातून चकार शब्द नाही. खुर्ची वेग घ्यायला लागली.

"तरीही समतोल विचार करता..." एवढं बोलून मर्डो धावत सुटला. बासष्ट वर्षांचा माणूस, गुळगुळीत तळव्यांचे बूट. खालकरांच्या पहिल्या घराच्या भिंतीपाशी त्याने खुर्ची धरली आणि मागे एकच आरोळी उठली. तो गावात आला होता.

"आई, ब्रेक सुटला?"

"सोडला."

"पण हा तर खालकरांचा रस्ता."

"मग काय करू? खुर्ची चढावर आपोआप जाते का?" तिने पर्स सरळ केली. मग हळूच म्हणाली, "तुझे बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, जाऊ दे की गं एकदा पोराला नदीकडून. मी म्हटलं नाही. मी हरले असते ना."

मर्डोने तिच्या शालीवरच्या गारा झटकल्या. मग चौकात जाऊन, "मी खालकर," असं ओरडून त्याने चेंडू उडवला.

मे महिन्यात तो दणकून आपटला. वरच्या वस्तीची पेटी उघडली तेव्हा शीना टेबलाशी उभी होती. सगळ्या पेटीत मर्डोला एक मत निघालं. ते कुणाचं, हे तिने विचारलंही नाही.

पुढच्या फेब्रुवारीत मर्डो खालकरांच्या गर्दीत होता, एक दात पडलेला, चेंडू जर्सीत दडवलेला. तो कुणाला दिसला नव्हता. नदी पन्नास पावलांवर आली होती. तेवढ्यात टेकडीकडच्या एका खिडकीतून ओळखीचा आवाज आला.

"डूगल, चेंडू माझ्या मर्ड्याच्या पोटाशी आहे बघ. दाब त्याला."

मर्डोने वर बघून दोन्ही डोळे मिटले, चेंडू घट्ट धरला आणि खाली मान घालून पळत सुटला.