कागदावरचं वय

"हनुवटी वर. खांदे पुढे. आता श्वास भरून घ्या आणि रोखून धरा."

शिवणकामवाल्या बाईंनी एक्स-रेच्या गार पाटीला छाती टेकवली. चाळीस वर्षं लोकांच्या छातीला टेप लावताना त्यांनी उलटंच बजावलं होतं, 'श्वास धरू नका, माप चुकेल.' पंधरा दिवस खोकला हटेना, म्हणून नवऱ्यानं हट्टानं इथं आणलं होतं. तो बाहेर बाकावर बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला.

"फुप्फुसं स्वच्छ आहेत. खोकला औषधानं जाईल. पण हे बघा."

हृदयावरच्या मोठ्या रक्तवाहिनीला खडूनं ओढल्यासारखी पांढरी कड होती. बरगड्यांच्या टोकांशीही पांढरे ठिपके.

"कॅल्शियम साचलंय. सत्तरीच्या आसपास सर्रास दिसतं. एकसष्टाव्या वर्षी मात्र इतकं जास्त वाटतं. हृदयाच्या चाचण्या करून घेऊ. यजमानांना आत बोलावते."

बाईंनी गाऊनची नाडी उगाच सोडली, पुन्हा बांधली.

"त्यांना नको. एकोणसत्तर."

"काय एकोणसत्तर?"

"वय. लग्नाच्या वेळी आठ वर्षं कमी सांगितली. एकोणतिशीच्या मुलीला कोण करून घेतंय? हे पंचवीसचे. मग सांगायचं राहूनच गेलं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"मग हे वयाला धरूनच आहे. रक्तदाब तेवढा सांभाळा. खिडकीवर वय बदलून घ्या, रिपोर्टवर तेच छापतात."

बाई बाहेर आल्या तसा नवरा उठला आणि पिशवी घेऊन मागोमाग खिडकीशी आला.

"अहो, तुम्ही उन्हात जाऊन बसा ना जरा. इथं गार लागतंय."

"मला नाही लागत."

डॉक्टरीणबाईंचा फोन ठेवून आतल्या कारकुनानं मान वर केली. "वय दुरुस्त करायचंय ना? किती लिहू?"

बाईंनी पदर खांद्यावर ओढला.

"एकोणसत्तर," नवरा खिडकीत वाकून म्हणाला. "पूर्ण."

बाई त्याच्याकडे वळल्या.

"तुम्हाला कुणी..."

"तुझ्या भावानं. लग्न ठरायच्या आधीच. म्हणाला, तिला विचारू नका, ती आपणहून सांगेल."

"चाळीस वर्षं झाली त्याला!"

"हो," तो म्हणाला. "आज सांगशील, उद्या सांगशील, असं करत गेली."

कारकुनानं कागद पुढे सरकवला. तो घ्यायला दोघांपैकी कुणाचाच हात पुढे आला नाही.