होकाराची नोंद

“हे कोणी खरं मानणार नाही,” उकडलेली तुरीची शेंग दाताखाली सोलत सूर्यभान म्हणाले, “पण त्या यंत्रानं मले आधी रामराम घातला. मंग माह्या बायकोचा फंड विकला. आन् किती वेळात? मी चष्मा पुसेपर्यंत!”

शेजारचे ओमप्रकाश सतरंजीवर पुढे सरकले. रविवारी दुपारी त्यांना स्वतःच्या घरापेक्षा इथंच जास्त करमायचं.

“मंग तुमी काही म्हटलं नाही त्याले?”

“म्हणू कवा? मी तोंड उघडेपर्यंत ते मुंबईले जाऊन आलं. तिथला साहेब म्हणे, माल कोणाचा? हे म्हणे, पार्वताबाईचा, मुक्काम अमरावती. साहेबाचा चहा हातातच थंडा झाला.”

ओमप्रकाश मांडीवर थाप मारून हसले. खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसलेली प्रणाली हसली नाही.

प्रणाली सूर्यभानची नात. गावातल्याच एका लहान कंपनीत ती सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. पाच सरले होते. लोकांच्या गुंतवणुकीची खाती पाहणारा एक बोलका मदतनीस कंपनीनं बनवला होता. त्याच्या हाताशी साधनं होती: एक शिल्लक दाखवायचं, एक भाव सांगायचं, एक विकायचं. कोणतं साधन कशासाठी, ते कधी वापरावं आणि कधी त्याला हातही लावू नये, हे चार ओळींत लिहून ठेवणं प्रणालीचं काम. मदतनीस त्या ओळी वाचूनच काय करायचं ते ठरवी. चाचणीसाठी कर्मचाऱ्यांच्या घरची खाती जोडली होती, त्यात आजीचंही होतं. शुक्रवारी आबा आजीच्या फोनवर त्याच्याशी गप्पा मारत बसले आणि आजीचा सगळा फंड विकला गेला.

“आबा, एकदा नीट सांगा,” ती म्हणाली. “नोंदीत ‘होकार मिळाला’ असं आहे. तुमी खरंच काही बोलले नाही?”

“मी? मी तर शेंगा खाऊन राहिलो होतो. चावण्याच्या आवाजालेच होकार समजलं असंन ते!”

ओमप्रकाशांना पुन्हा हसू आलं. प्रणालीनं मात्र हे खरंच धरलं. तिनं पडद्यावरची आपली ओळ वाचून दाखवली: “‘मालकानं स्पष्ट होकार दिल्यावरच हे साधन वापरावं.’ स्पष्ट म्हणजे काय, ते मी लिहिलंच नाही. कोणते शब्द चालतील, आवाज नीट आला नाही तर काय करायचं, काहीच नाही.”

“जाऊ दे ना वं. एका ओळीनं काय होते?”

“उद्या पन्नास घरं जोडणार आहेत, आबा. मॅडमले मेल लिहिला आहे. चूक माही आहे, जोडणी थांबवा म्हणून. मंग मले कामावर ठेवतीन असं वाटत नाही.”

सूर्यभानचा हात परातीत थांबला. त्यांनी एक शेंग उचलली. ती रिकामी होती. दुसरी उचलली, तीही टरफलच. चाळीस वर्षं दर्यापूरच्या बाजारात धान्य मोजणारा मापारी म्हणून काढलेला हा माणूस टरफलं मन लावून चाचपू लागला.

“मुंबईच्या त्या साहेबाशी मीच बोलतो,” ते अखेर म्हणाले. “आता वळखीचा झाला तो.”

कोणी हसलं नाही. प्रणालीनं डोळे पुसले आणि मेल पुन्हा वरून वाचायला घेतला.

पदराला हात पुसत पार्वताबाई आतून आल्या.

“काहून रडून राहिली पोरगी?”

“आजी, माह्या लिहिण्यातल्या चुकीनं तुहा फंड गेला. आबा गप होते, तरी त्यानं विकला.”

“कवा?”

“शुक्रवारी. अकराच्या सुमाराले.”

पार्वताबाई नवऱ्याकडे वळल्या. “शुक्रवारी अकराले तुमी गप होते?”

“एकदम. घरातल्या भिंतीले इचार.”

“भिंतीले काहून इचारू? मी आत पोया लाटून राहिली होती ना!” पार्वताबाईंचा आवाज चढला. “साफ खोटं बोलून राहिले तुमी. फोनमधून भाव सांगितला, ‘विकू का’ म्हणून दोनदा इचारलं, आन् तुमी ओरडले, ‘दे! दे म्हटलं ना, लाव काटा!’ मले वाटलं, दर्यापूरवरून अडते महादेवराव आपली तूर विकून राहिले.”