उपाशी तुकडा

म्हसवडच्या पुढं, जिथं रस्त्यालाही पुढं जायचा कंटाळा येतो अशा माळावर, सरकारनं शेतीच्या संशोधनाचं एक ठाणं उभं केलं होतं. ठाणं म्हणायचं आपलं. पत्र्याची एक खोली, पाऊस मोजायचं एक भांडं आणि लालासाहेब. कडेगावच्या ऊसवाल्या घरातला हा माणूस हौसेनं शेतकी शिकला आणि शिकल्याचं बक्षीस म्हणून या खडकाळीत येऊन पडला. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. घरोघरचे जवान पलटणीतून माघारी येत होते आणि लालासाहेब मात्र जिथं कधी कुणी गोळीच झाडली नव्हती तिथं अडकून बसला होता.

काम तसं साधं होतं. शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, तीन तुकडे, एकाच मापाचे आणि एकाच मातीचे. पहिल्यात शेणखत घालायचं. दुसऱ्यात लहान लहान बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं. तिसऱ्यात काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं पेरायचं आणि येईल ते मापायचं. खतानं किती वाढलं, बांधांनी किती वाढलं, हे या तिसऱ्याशी ताडूनच कळणार होतं. कमी पावसाच्या मुलखात खत लागू पडतं की पीक करपवतं, यावर पारापारावर नुसती भांडणं होत आली होती. लालासाहेबाला त्याचा निकाल लावायचा होता. दोन हंगाम पार पडले होते, यंदाचा शेवटचा. तो नीट निघाला की निष्कर्ष खात्याच्या वार्षिक अंकात छापून येणार होते आणि लालासाहेबाची बदली कृष्णाकाठच्या सरकारी शेतावर होणार होती. तिथून कडेगावला सायकलनं जाता येत होतं.

कडेगावला त्याची बायको होती, बनुबाई. लालासाहेबाची आई अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून बनुबाई येणार कशी, आणि म्हातारीला या पत्र्याखाली आणून भाजणार कोण? त्यामुळं नवरा-बायको सणावारी भेटत. पाहुण्यासारखी एकमेकांना चहा-पाणी विचारत, आणि जरा कुठं संकोच मोडतोय तोवर लालासाहेबाची गाडीची वेळ व्हायची.

माळावर त्याला सोबत होती ती त्या वार्षिक अंकाची. जुने अंक तो पुन्हा पुन्हा वाचायचा. कुणी खाऱ्या विहिरींच्या पाण्याचा शोध घेतलेला, कुणी उसाच्या किडीचा, कुणी मेंढ्यांच्या लोकरीचा, कुणी तर नांगराचा फाळ कुठल्या मातीत किती झिजतो एवढंच वर्षानुवर्षं बघत बसलेला. यातला एकही माणूस त्यानं पाहिलेला नव्हता. पण कुठंतरी तोही असाच एकटा बसून फाळ मोजत असेल, असं वाटून लालासाहेबाला बरं वाटायचं. पाहुण्यारावळ्यांची खुशाली वाचावी तसा तो ते आकडे वाचायचा.

आणि पावसाळ्यापुरती सोबत होती ती तात्याबा आणि धोंडुबाईची. मेंढरं घेऊन ही दोघं दिवाळीनंतर पश्चिमेकडं चाऱ्याला जायची आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायची. त्यांचं खोपट ठाण्याच्या शेजारीच होतं. तात्याबा बोलायला कंजूष. धोंडुबाई त्याच्याही वाटणीचं बोलायची. लालासाहेबाच्या हातच्या भाकरीचा आकार एकदा तिनं बघितला आणि त्या दिवसापासून दुपारची भाकरी तिच्याकडून यायला लागली.

त्या तिसऱ्या तुकड्यावर मात्र तिचा राग होता.

"एकाच पंगतीला तीन लेकरं बसवायची," ती म्हणायची, "दोगांला वाढायचं आन् तिसऱ्याचं ताट मोकळं. आसली कसली वो रीत?"

"प्रयोग हाय मावशी. त्याला उपाशी ठिवल्याबिगर बाकीच्यांचं कळत न्हाई."

"आमाला न बगता बी कळतंय, उपाशी ऱ्हायलं की काय हुतं त्ये."

आसपासच्या रानातही मग त्या तुकड्याचं नाव उपाशी तुकडा असंच पडलं. लालासाहेबानंही हसून ते मान्य केलं.

भाद्रपदात वडिलांच्या म्हाळाला, पितृपक्षातल्या श्राद्धाला, तो कडेगावला निघाला. रानं पेरणीला तयार होती, वाफसा यायची तेवढी वाट होती. निघताना त्यानं खोपटाशी थांबून सांगितलं, "माज्या मागं जरा रानावर ध्यान ठिवा."

"ठिवतो की," तात्याबा म्हणाला.

धोंडुबाईनं विचारलं, "बायकूला कवा आनायची हिकडं?"

"आनायची न्हाई, मीच जानार हाय. यंदाचा शाळू निघाला आन् आमचं सायेब खूश झालं, की सुटलो."

"सायेब खूश झालं की सोडत्यात?"

"तसा शब्द दिलाय त्यांनी."

धोंडुबाईनं मान हलवली. लालासाहेबाला त्या मान हलवण्यात काही विशेष दिसलं नाही. त्याचं लक्ष गाडीकडं होतं.

कडेगावला म्हाळ झाला. बनुबाईनं त्याच्या पानात वाढता वाढता हळूच विचारलं, "यंदाचं शेवटचंच ना?" लालासाहेब म्हणाला, "शेवटचंच." त्यावर ती इतकी मोकळी हसली, की लग्न झाल्यापासून हे हसणं आपल्या वाट्याला आलंच नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं. परतीच्या वाटेवर वडूजपर्यंत तो त्याच हसण्यावर खूश होता.

ठाण्यावर पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पिशवी खोलीत टाकून तो रानाकडं गेला आणि बांधावरच उभा राहिला. तिसरा तुकडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लेंड्यांनी काळा झाला होता. चारी बाजूंना खुंट्यांची भोकं होती. रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून आत मेंढरं बसवायची, ही त्या भागातली जुनी चाल. रातभर मेंढरं बसली की रानाला असं खत मिळतं की शेतकरी त्यासाठी धनगराच्या पदरात धान्य घालतात, मिनतवाऱ्या करतात. इथं कुणीही न मागता ती मेंढरं बसली होती, एक रात्र नाही, तो गेल्यापासून रोज. आणि बसली होती नेमकी उपाशी तुकड्यात.

लालासाहेबानं खराटा घेतला आणि लेंड्या गोळा करायला सुरुवात केली. वेड्यासारखा झाडत राहिला. पण मधे एक सर येऊन गेली होती. निम्म्या लेंड्या चिखलात मुरल्या होत्या, आणि मूत तर कधीच जमिनीनं पिऊन टाकलं होतं. जमिनीच्या पोटात गेलेलं कुठल्या खराट्यानं काढणार? शेवटी तो खराट्यावर हात टेकून उभा राहिला, आणि त्याला रडू आलं.

तेवढ्यात पाठीमागून धोंडुबाई आली. तोंडभर हसत होती.

"आवं, झाडताय कशाला? पसरून टाकलंय की आमी सारकं. आता तिन्ही तुकडं उजवं यितील, बगा. सायेब आलं की खूश. मग जावा बनुबाईकडं."

तात्याबा मागं उभा होता. तो म्हणाला, "धान्य नगं बरं का आमाला. वाड्याची मेंढरं बी आनली हुती, भावकीची. त्यास्नी बी सांगून ठिवलंय, ह्ये आपल्या मानसाचं रान हाय."

लालासाहेबानं खराटा बांधाला टेकवून ठेवला. आपल्या माणसाचं रान. या माळावर आल्यापासून त्याच्यासाठी कुणी काही केलं असेल तर ते हे. आणि याच्याहून वाईट त्याचं कुणी करू शकलं नसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यातली एकच बोलून दाखवता येणार होती.

"लय झ्याक केलंसा," तो म्हणाला.

त्यानंतर पुढचे काही दिवस तो स्वतःशी भांडत होता. कुणाला कळणार होतं? आधीच्या दोन हंगामांचे आकडे हाताशी होते. त्यांच्या आसपासचा तिसरा आकडा बसल्या जागी बनवता आला असता. पुण्याचे साहेब काही लेंड्या हुंगायला येणार नव्हते. बनुबाईचं हसणं डोळ्यांपुढं यायचं आणि हात दौतीकडं जायचा. मग तो सवयीनं जुना अंक उघडायचा. नांगराचा फाळ मोजणारा तो माणूस. खाऱ्या विहिरीवाला. आपण एक आकडा बनवून लिहिला, तर यांनीही कधी बनवला नसेल कशावरून? मग या अंकातली एकही ओळ आपल्याला सोबत करणार नाही. हे कळल्यावर त्याचा जीव पार उदास झाला, कारण भांडण तिथंच संपलं.

त्यानं पुण्याला कळवलं: तिसऱ्या तुकड्यात मेंढरं बसली, प्रयोग बाद धरावा. कुणाची मेंढरं ते लिहिलं नाही. साहेबांचं उत्तर रागाचं नव्हतं, त्याहून वाईट, समजुतीचं होतं. जुनी जमीन आता कामाची नाही. ओढ्याच्या पलीकडं नवे तुकडे आखावेत आणि पहिल्यापासून सुरुवात करावी. बदलीचा विचार तूर्त थांबवला आहे. बनुबाईला काय लिहावं हे मात्र त्याला सुचेना. अखेर त्यानं एवढंच लिहिलं, की यंदा जमत नाही. तिनं उत्तर धाडलं ते आईच्या औषधाचं. बाकी काही विचारलंच नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

दिवाळी झाली. तात्याबाचं बिऱ्हाड घोड्यावर चढलं. उपाशी तुकड्यात तरीही पेरलेला शाळू तोवर असा काळाभोर उठला होता, की शेजारचा खताचा तुकडाही त्याच्यापुढं बापुडा दिसत होता. धोंडुबाईनं त्याच्यावरून हात फिरवला.

"आमी म्हागारी यीस्तवर तुमी गेलेलं असनार," ती म्हणाली. "बनुबाईला सांगा, म्हसवडच्या माळाला तुमची एक मावशी हाय म्हनून." तिनं डोळ्याला पदर लावला. लालासाहेबानं वाकून तिच्या पायांना हात लावला, आणि काहीच सांगितलं नाही. मेंढरांची धूळ खाली बसल्यावर तो खोलीत गेला, खुंट्या आणि दोरी घेतली आणि ओढा ओलांडून एकट्यानं नवे तुकडे आखायला लागला.

त्या वर्षीच्या अंकात त्याच्या नावापुढं एकच ओळ आली: निष्कर्ष नाही.

पावसाच्या तोंडाला मेंढरं परत आली. लालासाहेबाला वाटलं, चार दिवस कुठंतरी निघून जावं. पण जाणार कुठं? तो दारातच उभा राहिला. धोंडुबाईनं त्याला लांबूनच ओळखलं आणि जागीच थांबली.

"गेला न्हाई व्हय?"

"सायेब लयच खूश झालं, मावशी. म्हनालं, एवढं चांगलं पीक काडनारा मानूस हितनं हलवायचा कसा? अजून करा."

धोंडुबाईचा चेहरा उतरला. "म्हंजी आमच्यापायीच की वो. जरा कमी बसवायला पायजे हुती मेंढरं."

तो हसला. तीही मग ओशाळवाणी हसली, आणि बोलता बोलता तिची नजर ओढ्यापलीकडच्या नव्या रानावर गेली.

"त्येच्यात बी एक उपाशी हाय?"

"हाय. आन् त्याला कुनी काय घालायचं न्हाई, मावशी. मेंढरू बी फिरकू द्यायचं न्हाई. माजी शपथ हाय तुमाला."

धोंडुबाईनं त्या मोकळ्या तुकड्याकडं बघितलं. मग तिनं कमरेची गाठ सोडून आदल्या दिवशीची भाकरी काढली आणि लालासाहेबाच्या हातावर ठेवली.

"तसंच एकलं ठिवायचं त्याला? सोबतीला कोन त्येच्या?"

"मी हाय की," लालासाहेब म्हणाला.